सरळ रस्त्यावरची रेष

मार्च संपता संपता इथे घड्याळं तासभर पुढे करतात आणि त्याच आठवड्यात आमच्या वर्कशॉपचं मोठं शटर पहिल्यांदा पूर्ण वर जातं. सगळा हिवाळा ते कमरेएवढंच उघडलेलं असतं आणि आम्ही सगळे रोज सकाळी वाकून आत शिरतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बाहेर, इंडस्ट्रियल इस्टेटच्या टोकाला आम्ही आहोत. एका बाजूला फरशांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांना आंघोळ घालून देणारं दुकान, आणि मधे आमची रेसिंग टीम. शटर वर गेलं की उन्हाचा एक पट्टा थेट गाडीपर्यंत येतो, पेट्रोलचा आणि जुन्या रबराचा वास बाहेर पडतो, आणि बाहेरून ओल्या गवताचा आत येतो. इथल्या लोकांना डॅफोडिल दिसले की वसंत आल्यासारखं वाटतं. मला त्या शटरच्या खडखडाटाने वाटतं. आणि दर वर्षी तो आवाज आला की मला एक जुना मार्च आठवतो. मग मी चहाचा मग उचलते आणि कॉम्प्युटरसमोर जाते, कारण पहिली टेस्ट तोंडावर आलेली असते.

माझं काम नक्की काय, हे पुण्यात अजून कुणालाच कळलेलं नाही. आई सगळ्यांना सांगते, "मेधा ऑटोमोबाइलमध्ये आहे." मामांची समजूत आहे की मी टायर विकते. आले होते मी सॉफ्टवेअरसाठीच, वर्क व्हिसावर, चारचौघींसारखी. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली म्हणून मग बेसिंगस्टोक. एका विमा कंपनीत आकडे इकडचे तिकडे करून करून इतका कंटाळा आला की जाहिरात बघून मी या टीमकडे अर्ज टाकला. ग्रॅहॅमने, म्हणजे टीमच्या मालकाने, मला एकच प्रश्न विचारला होता: थंडी चालेल का? मी म्हटलं, या देशात मी तशीही बारा महिने कुडकुडतेच आहे. झालं, नोकरी लागली.

गाडीत जागोजागी सेन्सर असतात. ब्रेक किती दाबला, वेग किती होता, स्टिअरिंग किती फिरवलं, हे सगळं माझ्या स्क्रीनवर रेषा होऊन येतं. आमच्या धंद्याची रीत अशी की दोन फेऱ्या एकावर एक ठेवून बघायच्या. सकाळची निळी, दुपारची लाल. जिथे दोन रेषा एकमेकींपासून सुटतात, तिथे काहीतरी घडलेलं असतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसून ती जागा त्याला दाखवायची, आणि तो जे सांगेल ते ऐकायचं. आता इतक्या वर्षांनी ही सवय अंगातच गेली आहे. मार्च आला की मी हा मार्च त्या मार्चवर ठेवून बघते, आणि रेषा कुठे सुटल्या ते लगेच दिसतं.

त्या वर्षी आमच्या गाडीत वास्को होता.

वास्को पोर्तुगीज. तेव्हा अडतीस वर्षांचा. बुटका, रुंद मानेचा, भुवया अशा की रागावलाय असंच वाटावं, आणि स्वभावाने अगदी मऊ. उत्तर पोर्तुगालमधल्या एका डोंगरी गावात त्याच्या वडिलांची बेकरी होती. उन्हाळ्यात त्या गावच्या रस्त्यांवरच शर्यती व्हायच्या आणि गाड्या बेकरीच्या दारासमोरून जायच्या. त्या दिवशी बेकरी बंद, आणि वडील वरच्या मजल्याच्या खिडकीत वास्कोला कडेवर घेऊन उभे. "मला वाटायचं सगळ्यांच्याच घरासमोरून जातात," तो म्हणायचा. आठव्या वर्षी तो छोट्या गो-कार्टमध्ये बसला. सतराव्या वर्षी इंग्लंडला आला, एका पबच्या वरच्या खोलीत राहिला, आणि इंग्लिश शिकला ते मेकॅनिक लोकांकडून, त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं त्याला सभ्य माणसांत बोलायची चोरी होती.

तिथे त्याने तरुण मुलांची स्पर्धा जिंकली. त्यानंतर एकदा त्याला सगळ्यांत वरच्या दर्जाच्या गाडीत चाचणीसाठी बोलावलं. पावसाळी सकाळ होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो त्या टीमच्या नेहमीच्या ड्रायव्हरपेक्षा वेगवान होता. दुपारी ऊन पडलं, ट्रॅक वाळला, आणि संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. जागा मिळाली दुसऱ्याला, ज्याच्या पाठीशी एक अख्खी बँक उभी होती. ही गोष्ट वास्को मजेत सांगायचा. "ती सकाळ माझी होती," एवढंच शेवटी म्हणायचा. मग पुढची वर्षं कधी इटलीत, कधी जपानमध्ये, कधी दिवसरात्र चालणाऱ्या लांबच्या शर्यतींत. गावच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आधी पहिल्या पानावर यायची, मग खेळाच्या पानावर, मग त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात. ती कोपऱ्यात गेली त्या सुमारास वडील गेले.

आपल्याकडे करिअर म्हटलं की वर चढत जाणारी गोष्ट डोळ्यांसमोर येते. वास्कोचं चढलं, थांबलं, आणि मग वर्षानुवर्षं सपाटीवरून चालत राहिलं. पण मी त्याच्या रेषा बघितल्या आहेत. तो सर्वांत चांगला झाला तो त्या सपाटीवर, पस्तिशी उलटल्यानंतर, जेव्हा त्याच्याकडे बघणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. त्याची ब्रेकची रेष अशी उतरायची की मी कौतुकाने नुसती बघत बसायचे. हे मी त्याला कधी बोलले नाही. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही, चुकलं तेवढंच दाखवायचं.

आमच्या शर्यतींत एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात, एक हौशी आणि एक व्यावसायिक, आणि अर्ध्यावर अदलाबदल करायची. हौशी होता हॅरी. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बाथरूम बसवून देण्याच्या धंद्यात गब्बर झालेला. गाडी त्याची हौस, आणि वास्को त्याचा गुरू. हॅरी अर्धी शर्यत जिवाच्या आकांताने चालवायचा, मागे पडायचा, आणि मग वास्को बसून एकेक जागा परत मिळवायचा. मिळवून आला की हॅरी त्याला मिठी मारायचा आणि जणू आपणच मिळवल्यासारखा रडायचा.

सोमवारी वास्को आमच्याकडे जेवायला यायचा. एकटा माणूस, शर्यतीनंतरचा दिवस, आणि एकदा मी सहज डबा दिला होता त्यातली बटाट्याची भाजी त्याला फार आवडली होती. "बटाटा," मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. त्याच्याही भाषेत बटाटाच. मग आमच्या नऊ वर्षांच्या महीला नाद लागला. ती घरभर वस्तू दाखवत फिरायची. चावी, पाव, साबण, बालदी. निम्म्या शब्दांना वास्को टाळी द्यायचा. "आई, वास्को मराठी आहे पण त्याला माहीत नाही," असा तिने निकाल दिला. तो आला की ती ओरडायची, "माझा खुर्ची वास्कोला दे, तुझा खुर्ची मी घेतो!" मी म्हणायचे, अगं माझी खुर्ची, घेते. ती म्हणायची, "Whatever, आई, तो बसला ना."

आता मही उंच झाली आहे आणि सोमवारी जेवायला घरी असतेच असं नाही.

तर त्या वर्षीची पहिली टेस्ट. कोवळं ऊन, वारा असा की कानात दुखावं. वास्को फेऱ्या मारून आला आणि मी त्याची स्टिअरिंगची रेष उघडली. वळणांवर नेहमीसारखी स्वच्छ. पण सरळ रस्त्यावर, जिथे हात नुसते चाकावर ठेवलेले असतात आणि रेष सपाट असायला हवी, तिथे तिला बारीक दाते होते. करवतीला असतात तसे. मी ग्रॅहॅमला दाखवलं. तो म्हणाला, सेन्सर. सेन्सर बदलला. पुढच्या वेळी दाते तसेच.

गॅरेजमध्ये संशयाची एक उतरंड असते. आधी सेन्सर, मग टायर, मग गाडीचा पुढचा भाग, मग स्टिअरिंगची यंत्रणा. नवा ड्रायव्हर असेल तर त्याच्यावर पहिला संशय. वास्कोसारखा मुरलेला असेल तर तो उतरंडीत नसतोच. शिवाय हॅरीची रेष सपाट यायची. यावरून कुणालाही कळायला हवं होतं, असं आज वाटतं. पण तेव्हा आम्ही सगळे एकमताने म्हणालो की हॅरी त्या वेगापर्यंत पोचतच नाही, वास्को पोचतो, म्हणजे जास्त वेगाला गाडी थरथरते. हॅरीला तेवढा टोमणाही मारून झाला. तर्क इतका चोख होता की आम्ही त्याच्या मागे एप्रिल, मे आणि जून घालवले. टायर बदलले, बेअरिंग बदलले, पुढचा भाग सोडवून पुन्हा बसवला. मेकॅनिक मंडळी शनिवार-रविवार राबली. आमच्याकडे पाने होते, म्हणून आम्ही गाडीच उघडत राहिलो.

आणि वास्को दर वेळी येऊन उभा राहायचा. मला वाटायचं, किती जीव आहे याचा गाडीत. नवा भाग बसवताना तो वाकून बघायचा, शेवटचा नट आवळेपर्यंत. "This is the one," म्हणायचा. "आता जाईल बघ."

मेमधल्या संध्याकाळी इथे संपता संपत नाहीत. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळा ट्रॅक पायी फिरायचो, ही आमच्याकडची जुनी रीत. हातात चहाचे कागदी कप, कडेच्या गवतात ससे, दूर कुठेतरी चर्चची घंटा. वास्को मधेच थांबून डांबराला हात लावायचा. एकदा त्याचा कप हिंदकळला आणि चहा त्याच्या बुटावर सांडला. "Wind," तो म्हणाला. वारा खरंच होता. त्यानंतर तो कप डाव्या हातात धरायला लागला, आणि मी तेही बघितलं आणि त्याचं काहीच केलं नाही. मी रेषा बघणारी बाई. कपाला सेन्सर नव्हता.

जुलैमध्ये पावसात एक शर्यत झाली. कुणीतरी भिंतीला गाडी लावली, आणि ट्रॅक साफ होईपर्यंत सगळ्यांनी सेफ्टी कारच्या मागे हळूहळू चालवायचं, असं बराच वेळ चाललं. सेफ्टी कार म्हणजे पुढे चालणारी अधिकाऱ्यांची गाडी, जिला ओलांडायचं नसतं. वास्को तेव्हा गाडीत होता आणि कुरकुरत होता. रेडिओवर त्याच्याशी बोलायचं ते मी एकटीनेच, आणि तेही फक्त सरळ रस्त्यावर. वळणावर ड्रायव्हरच्या कानात बोलत नाहीत, आणि ऐकलं की तो "Copy" म्हणतो, म्हणजे समजलं. पण त्या दिवशी सगळंच इतकं संथ होतं की आम्ही गप्पा मारल्या. "मेधा, माझी आई याच्यापेक्षा जोरात चालवते," तो म्हणाला. शर्यत सातव्या जागेवर संपली. ट्रकमध्ये सामान भरताना सगळे भिजलेले आणि वैतागलेले होते. कुणी फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते. मिलिंद पोहे करत होता, मही टीव्हीसमोर. मी सवयीने सगळी शर्यत पुढे पुढे नेत होते. सेफ्टी कारचा भाग कुणी बघत नाही, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण खिडकीबाहेर पाऊस होता, पोहे व्हायचे होते, म्हणून मी तो उघडला.

गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. आणि रेषेला दाते होते. नेहमीपेक्षा मोठे.

मी वेगाची रेष पुन्हा तपासली. मग स्टिअरिंगची. या वेगाला कुठलीच गाडी थरथरत नाही. तीन महिने आम्ही ज्या गाडीचा एकेक अवयव उघडून बघितला होता, तिला काहीही झालेलं नव्हतं.

"मिलिंद, जरा ये ना," मी म्हटलं. तो झारा हातात घेऊन आला. मी त्याला नाव न सांगता रेष दाखवली आणि विचारलं, "हात स्थिर ठेवला की येतं, काम करायला लागला की जातं. What is it?"

तो स्क्रीनवर वाकला. "हे मशीनचं नाहीये?"

"नाही."

"मेधा, मी ॲनेस्थेटिस्ट आहे. Don't make me say things." मग हळूच म्हणाला, "वास्को आहे ना?"

मी मान डोलावली. तो परत स्वयंपाकघरात गेला आणि त्याने गॅस बंद केला.

दुपारपर्यंत मला माझा रिपोर्ट ग्रॅहॅमला पाठवायचा असायचा. पाठवला असता तर वास्कोचं सगळं आयुष्य एका ईमेलने संपलं असतं. दडवला असता, तर दोन आठवड्यांनी तो भर वेगात, इतर तीस गाड्यांच्या मधे, हाताचा भरवसा नसताना बसला असता. मी ग्रॅहॅमला फोन केला आणि सांगितलं की रिपोर्ट उद्या देते, आधी मला ड्रायव्हरशी बोलायचं आहे. तो म्हणाला, "Fair enough." संध्याकाळी वास्को जेवायला येणारच होता. मी त्या दिवशी बटाट्याची भाजी केली नाही. का, ते माहीत नाही. ती त्या संध्याकाळशी जोडली जाऊ नये, असं काहीतरी वाटलं असावं.

जेवणं झाली, मिलिंद महीला वर घेऊन गेला, आणि मी लॅपटॉप उघडला. आमच्या रीतीप्रमाणे दोन रेषा एकावर एक ठेवल्या. निळी जूनमधली, भर वेगातली. लाल कालची, सेफ्टी कारच्या मागची. दोन्हींना दाते.

त्याने दोन्ही रेषा शेवटपर्यंत बघितल्या. मग उजवा हात टेबलवर आणून ठेवला, उघडा, तळवा वर. इतके दिवस तो हात नेहमी खिशात, मांडीखाली, नाहीतर दुसऱ्या हातात असायचा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, त्याच्या नकळत.

"डिसेंबरपासून," तो म्हणाला. "शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात गाडी आहे." तो हसला. "You were all so sure. ग्रॅहॅम, मेकॅनिक, तू. एवढी हुशार माणसं. मला वाटलं, कदाचित खरंच गाडीच असेल. प्रत्येक भाग बदललात ना, तेव्हा मी मनात म्हणायचो, आता माझा हात बरा होईल."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. गाडीवर वाकून शेवटच्या नटापर्यंत बघत उभा राहणारा तो, आणि मी ज्याला गाडीवरचा जीव म्हणत होते, ते हे होतं.

"ग्रॅहॅमला पाठवलंस?"

"नाही. आधी तुला."

"Thank you." मग स्क्रीनकडे बघत, मुलाने मागावं तसं म्हणाला, "एकच, मेधा. पुढची. फक्त ती एक चालवतो, मग मीच सांगतो सगळ्यांना. काल ती शेवटची आहे हे मला माहीत नव्हतं. सेफ्टी कारच्या मागे? असं कुणी संपवतं का?"

इतक्या वर्षांत एवढं अवघड असं माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. मला हो म्हणायचं होतं. दोन आठवड्यांनी काही मोठा फरक पडणार नव्हता, असंही मनात आलं. पण हॅरी डोळ्यांपुढे आला, त्याच्या मागून पुढून जाणाऱ्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांतली माणसं, जी मला रेषांवरून ओळखता येतात. मी म्हटलं, "नाही, वास्को."

तो लगेच म्हणाला, "नाही. बरोबर." जणू मी म्हणेन हे माहीतच होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. मिलिंद खाली आला तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो आणि स्क्रीन कधीच झोपली होती.

पुढचं सगळं या देशात जसं होतं तसंच झालं. आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, मग वाट बघणं, मग न्यूरॉलॉजी, पुन्हा वाट बघणं. मिलिंद त्याच्याबरोबर गेला. पार्किन्सन्स, तरुण वयात येणारा. हे नाव मी आजोबांच्या वयाच्या माणसांबरोबरच ऐकलं होतं. ग्रॅहॅमला वास्कोने त्या सोमवारनंतर दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं होतं. ग्रॅहॅम, जो कधीच कशाने हलत नाही, वर्कशॉपच्या मागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग येऊन एवढंच म्हणाला की तीन महिन्यांत काढलेले सगळे भाग चांगले आहेत, फेकू नका.

मला त्या उन्हाळ्याचा राग येतो. ऑगस्ट इतका सुंदर होता. सगळीकडे पिवळी शेतं, सर्किटच्या कुंपणाला ब्लॅकबेरी लगडलेल्या, मही आणि वास्को त्या तोडून खाताहेत, दोघांची तोंडं जांभळी. ते दिवसही पावसातच गेले असते तर बरं वाटलं असतं, असं त्या वेळी वाटायचं. आता वाटतं, त्याला निदान तेवढं ऊन मिळालं.

मी कितीदा विचार करते की माणसाला आपली शेवटची वेळ कळत नाही. मूल शेवटचं कडेवर घेणं, आईच्या हातचं शेवटचं जेवण. कुणी सांगत नाही, बघ, ही शेवटची. सांगितलं तर आपण तिला नीट करायला जाऊ, आणि ती बिघडवू. असं मी स्वतःला समजावते. पटत मात्र नाही. वास्कोने तीस वर्षं गाडी चालवली, आणि तो शेवटचा उतरला तेव्हा पाऊस पडत होता, सगळे घाईत होते, आणि मी त्याला म्हणाले होते, "ओला सूट इथे टाकू नको, लॅपटॉप आहे."

आता आमच्या गाडीत ग्लासगोची एक मुलगी आहे. फार वेगवान आहे, आणि माझं ऐकत नाही. तिच्या रेषा बघताना मी सरळ रस्त्यावर नको तितका वेळ थांबते. तिला वाटतं मी तिच्या चुका शोधते. वास्को परत गेला, आईजवळ, त्या डोंगरातल्या गावी. टाइप करणं जड जातं म्हणून तो व्हॉइस मेसेज पाठवतो. गेल्या वर्षीपासून त्याचा आवाजही हळू झाला आहे. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण मी तो आवाज वर्षानुवर्षं थेट कानात ऐकलेला आहे.

वास्कोच्या त्या मोसमाची शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये होती, आमच्याच जवळच्या सर्किटवर. ग्रॅहॅमने कुणाकुणाला फोन करून परवानगी काढली होती: जेवणाच्या सुट्टीत, ट्रॅक रिकामा असताना, वास्कोने एक फेरी मारायची. हळू, एकट्याने. डॉक्टरांची हरकत नव्हती. वास्को काही बोलला नव्हता, पण सकाळी तो जुना सूट घालून आला. आमच्यात एक ड्रायव्हर उतरला की दुसऱ्याचे पट्टे तो बांधतो, ही पद्धत. त्या दिवशी हॅरीने वास्कोचे पट्टे बांधले. वास्कोचा हात बकलपाशी अडखळला तेव्हा हॅरीने दुसरीकडे बघत बघत ते लावून टाकलं. मेकॅनिक मंडळी दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहिली. इतर टीमची माणसंही आपापल्या गॅरेजमधून बाहेर आली. इंजिन सुरू झालं.

मी माझ्या जागी, कानावर हेडसेट. ग्रॅहॅमच्या, हॅरीच्या, सगळ्यांच्याच कानावर हेडसेट होते, कारण ऐकता सगळ्यांना येतं.

"Radio check, Vasco."

"Loud and clear."

"ट्रॅक मोकळा आहे. तुझ्या सवडीने."

गाडी हलली नाही. पुढे उभ्या मेकॅनिकने हात दाखवला. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. मला वाटलं, क्लच. बघा, तेव्हाही मला गाडीच वाटली.

मग रेडिओवर त्याचा आवाज आला. पोर्तुगीजमध्ये. इतक्या वर्षांत तो रेडिओवर कधी इंग्लिशशिवाय बोलला नव्हता, शिव्यासुद्धा इंग्लिशमध्येच द्यायचा. तो ओरडत नव्हता, रडतही नव्हता. समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला तो सगळं सुरुवातीपासून समजावून सांगतोय, असं बोलत होता. बराच वेळ. मधे थांबला, श्वास घेतला, पुन्हा बोलला. ग्रॅहॅमने माझ्याकडे बघितलं. हॅरीने बघितलं. मला तरी कुठे काही कळत होतं?

तो थांबला. रेडिओवर कुणी काही बोललं की उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर त्याला वाटतं आपलं कुणी ऐकत नाही. मी बटण दाबलं, आणि तोंडातून इंग्लिश आलंच नाही.

"पुरे झालं रे," मी म्हटलं. "दमलास. उतर आता. आपण घरी जाऊ."

इंजिनचा आवाज तेवढा येत राहिला.

"Copy," वास्को म्हणाला, आणि त्याने गाडी बंद केली.